चौथा ठिपका

पट्टीचा मागचा कागद सोलून लेसरताईने ती टेलरबाईंच्या डाव्या कुशीला, काखेपासून चार बोटं खाली चिकटवली. कागदाचीच पट्टी, मिलिमीटरच्या रेघा असलेली. लेसरने काढायची खूण केवढी होती हे फोटोत दिसलं पाहिजे, असा दवाखान्याचा नियम होता. नंतर कोणी म्हणायला नको की तुम्ही काही काढलंच नाही.

"गार लागतंय," टेलरबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, काकू. फोटो झाला की पांघरूण देते."

"तुझ्या कागदावर ठिपके किती लिहिलेत?"

"तीन."

"चार आहेत. मोज."

टेलरबाई सगळ्याच बायकांना अगं-तुगं करत. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली होती. जिच्या कमरेला आपण टेप लावला तिला अहो-जाहो कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं. लेसरताईने मोजले. छातीच्या मधोमध एक, उजव्या कुशीला एक, डाव्या कुशीला एक. आणि त्या डाव्याच्या खाली, पट्टीवर बघितलं तर अकरा मिलिमीटरवर, आणखी एक. चारही निळसर काळे, पेन्सिलीचं टोक टेकवल्याएवढे.

सहा वर्षांपूर्वी टेलरबाईंच्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती आणि नंतर पाच आठवडे किरणांचा उपचार झाला होता. किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून उपचाराआधी कातडीवर शाईचे बारीक ठिपके गोंदतात. उपचार संपतो, माणूस घरी जातो, ठिपके राहतात. आता त्यांची गरज नाही, तिन्ही काढायला हरकत नाही, अशी तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी टेलरबाईंनी आणली होती. चिठ्ठीच्या डोक्यावर हॉस्पिटलचं नाव होतं आणि खाली उपचाराचा महिना. सकाळी चिठ्ठी फाईलला लावताना लेसरताईने नाव वाचलं होतं, महिना वाचला नव्हता. आता वाचला.

या दवाखान्यात येण्याआधी नऊ वर्षं ती त्याच हॉस्पिटलच्या किरणविभागात होती. ठिपके गोंदायचं काम तिचंच. हजारभर माणसांना तरी गोंदलं असेल, आणि त्यातली किती आज आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिथे तसं कोणी कोणाला विचारत नसे. टेलरबाईंचा चेहरा तिला मुळीच आठवला नाही. चौथा ठिपका मात्र ओळखीचा होता. नऊ वर्षांत तशी चूक तिच्या हातून एकदाच झाली होती.

तिने फोटो काढला. तो हलला, म्हणून पुन्हा काढला.

मग त्वचेचे डॉक्टर आले. दिव्याचं भिंग एकेका ठिपक्यावर टेकवून त्यांनी पाहिलं. चौथ्यावर ते जास्त वेळ थांबले, कारण कागदावर नसलेला काळा डाग म्हणजे तीळ आहे की आणखी काही, हे लेसर मारायच्या आधी बघावंच लागतं. लेसरने डाग जातो आणि मग तपासायला काही उरत नाही.

"शाईच आहे," ते म्हणाले. "चारही काढू. किरण घेतलेली कातडी आहे, जोर कमी ठेवा. भुलीचं मलम लावून चाळीस मिनिटं."

ते बोलत होते तेवढा वेळ टेलरबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "बघितलंस? हे पण काही बोलले नाहीत."

"कशाबद्दल?"

"चौथ्याबद्दल."

मलम लावून वर पातळ प्लास्टिक चिकटवलं की लेसरताई एरवी बाहेर जाऊन चहा पिई. आज ती स्टूल ओढून बसली. बसायला काही कारण हवं म्हणून तिने ड्रॉवरमधले कापसाचे बोळे बाहेर काढले आणि पुन्हा आत रचायला घेतले.

"हा झगा कोणी शिवलाय?" टेलरबाईंनी विचारलं. "काखेत ओढतोय. गळा पुढे, पाठ मागे, दोघांची ओळखदेख नाही."

"बाहेरून शिवून येतात."

"बाहेरच राहू द्यायचे." त्यांनी बाहीची शिवण चिमटीत धरून बघितली आणि सोडून दिली. मग छताकडे बघत म्हणाल्या, "तीन ठिपके सगळ्यांना असतात. तिथल्या बाकावर नंबराची वाट बघत बसायचो ना आम्ही बायका, एकमेकींना दाखवायचो. ज्या बाईला विचारावं तिला तीन. मला एकटीला चार. मी काय दुधखुळी आहे? चौथा दिला म्हणजे आत आणखी एक काहीतरी सापडलं. घाबरेल म्हणून मला सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारल्यावर काय खरं सांगतात? मी तरी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं, की बाई तुझं कापड कमी पडलं म्हणून आतून जोड दिलाय?"

लेसरताई बोळे रचत राहिली.

"दोन वर्षं, फार तर तीन, असं मी धरून चालले. एकदा तसं धरलं की माणूस आवराआवर करायला लागतो. शिवणाचं मशीन जावेला देऊन टाकलं. वीस वर्षांचं वाकडं होतं आमचं, सासूच्या एका कपाटावरून. म्हटलं, जाताना हे कशाला डोक्यावर घेऊन जायचं. बोलावलं तिला, गळ्यात पडले, मशीन दिलं. आता ती रोज येते. तास तास बोलते, डोकं उठवते. आणि माझ्या मशीनवर वाकडं शिवते ते वेगळंच."

"पण ती दोन वर्षं तर गेली, काकू."

"गेली की. तीन गेली, चार गेली. पाच झाली तेव्हा तिकडचे डॉक्टर म्हणाले, फाईल बंद, आता मजा करा. मी म्हटलं, बरं. फाईल तुमची बंद झाली. माझ्या कुशीतला तिथेच आहे."

त्या हसल्या तसं प्लास्टिक चुरचुरलं. लेसरताईने उठून त्याची सुटलेली कड पुन्हा दाबली.

"मशीनचं काही नाही," टेलरबाई म्हणाल्या. "पोराचं वाईट वाटतं. बोटीवर नोकरी लागली होती त्याला. मालवाहू बोट असते ना, तिच्या इंजिनात. चार वर्षं तेच शिकला होता. एकदा गेला की नऊ-नऊ महिने पाण्यावर. मी म्हटलं, एवढं एक वर्ष थांब. मरणार आहे असं तोंडाने नाही म्हटलं. पण आईने असं थांब म्हटलं की पोरांना कळतं. थांबला. मग मी आणखी एक वर्ष म्हटलं. मग बोटवाल्यांनी बोलावणंच सोडलं. आता पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दुकान आहे, बायको आहे, छोकरी आहे. चांगलं चाललंय."

त्यांनी झग्याची कड बोटाने सरळ केली.

"मी गेले असते तर ते शोभलं असतं गं. सहा वर्षं झाली. त्याच्यासमोर बसून धडधाकट जेवते, त्याची लाज वाटते मला."

मशीनचं सांगितलं त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितलं. लेसरताईने घड्याळात पाहिलं. सव्वीस मिनिटं झाली होती.

त्या दिवशी काय झालं ते तिला नीट आठवत होतं. ठिपके गोंदायच्या खोलीत भिंतींतून बारीक लाल रेघा येतात. त्या अंगावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाईचा थेंब ठेवायचा आणि सुई टोचायची. त्याआधी पेशंटचा हात डोक्यावरच्या टेकूत ठेवायचा. टेकूला आकड्यांच्या खाचा असतात आणि कोणाला कोणती खाच ते कागदावर लिहिलेलं असतं. तिने टेकू आधीच्या पेशंटच्या खाचेतच राहू दिला. डावा ठिपका गोंदून झाल्यावर ते ध्यानात आलं. टेकू खाली घेतला तसा हात खाली आला, हाताबरोबर कातडी उतरली, आणि गोंदलेला ठिपका रेघेच्या खाली जाऊन बसला.

तिने वरती, बरोबर जागी, दुसरा गोंदला. कागदावर चुकलेल्या ठिपक्याभोवती गोल केला, शेजारी 'हा धरू नये' असं लिहिलं आणि सही केली. विभागाच्या साहेबांना सांगितलं. उपचार सुरू व्हायच्या आधीच लक्षात आलं ना, मग झालं, असं ते म्हणाले. पेशंटला सांगत बसू नका, दहा प्रश्न विचारतील. तिला ते ऐकून हायसंच वाटलं होतं. पुढे तिने ती नोकरी सोडली ती दोन बस बदलायच्या कंटाळ्याने. या ठिपक्यापायी तिची कधी झोप उडाली नव्हती, खोटं कशाला बोला.

आताही ती गप्प बसली असती तर अर्ध्या तासात ठिपका गेला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. आपल्या डॉक्टरांच्या कानावर गेलं तर काय होईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण ठिपका गेला तरी टेलरबाईंच्या आतलं ते दुसरं काहीतरी तिथेच राहणार होतं, आणि ते घेऊनच त्या मुलासमोर जेवायला बसणार होत्या. चाळीस मिनिटं भरल्यावर तिने प्लास्टिक काढलं आणि मलम पुसलं.

"काकू, चौथा ठिपका मी गोंदला."

"म्हणजे?"

"मी तेव्हा तिकडे कामाला होते. तुमचे चारही मीच गोंदले. चौथा चुकून गोंदला. आत दुसरं काही सापडलं नव्हतं."

टेलरबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि हसल्या. "चांगली पोर आहेस."

"खरं सांगतेय."

"सांगतेयसच की. सगळेच सांगतात."

लेसरताईने भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्या हातात दिला. मशीन मारायच्या स्थितीत न घेता तिने लेसरच्या नळीतला नेम धरायचा लाल उजेड तेवढा लावला, नळी खाटेच्या कठड्यावर टेकवून घट्ट धरली आणि लाल टिंब वरच्या ठिपक्यावर आणलं.

"आरशात बघा. लाल कुठे आहे?"

"वरच्यावर."

"आता डावा हात डोक्यामागे न्या. मी नळी हलवत नाही. आणखी वर. आणखी."

हात वर गेला. कातडी ताणली गेली आणि कुशीवरून वर सरकली. वरचा ठिपका उजेडातून निसटून गेला, आणि खालचा हळूहळू चढत येऊन लाल टिंबात बसला.

टेलरबाईंनी हात खाली घेतला. पुन्हा वर केला. असं त्यांनी तीनदा केलं.

"कापड ताणून धरलं आणि खूण केली," त्या म्हणाल्या.

"हो. हात जास्त वर राहिला होता."

"आणि सोडल्यावर ती खाली आली."

"हो."

"शिकाऊ पोरी करतात असं. पहिल्या महिन्यात." त्यांनी आरसा पोटावर पालथा ठेवला. "आणि किरण? ते कुठे मारले?"

"बरोबर जागी. पहिल्या दिवसाच्या आधीच दुरुस्त केलं होतं. चुकलेल्या ठिपक्यावर एकदाही नेम धरला नाही."

टेलरबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असेल. पण आधी आला तो राग. त्यांचे ओठ घट्ट मिटले आणि गळ्यापर्यंत लाली चढली.

"एक वाक्य होतं," त्या म्हणाल्या. "बाई, चुकलं, हा धरू नका. एवढंच सांगायचं होतं."

"हो, काकू."

"माझ्या हातून बाही उलटी लागली असती, तर मी गिऱ्हाइकाला..." त्या थांबल्या. आतून दिलेले जोड त्यांनाच आठवले असावेत. "जाऊ दे. तुझ्यावर मी रागावलेय, हे सांगून ठेवते. किती दिवस राहील माहीत नाही. जावेवर वीस वर्षं होता."

"चालेल."

"तिला माफ केलं तेही फुकटच गेलं."

"मशीन परत मागता येईल."

"मशीन तेवढं येईल गं," टेलरबाई म्हणाल्या.

लेसरताईने त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा बसवला, स्वतःचा चढवला.

"चौथा आधी घे," टेलरबाई म्हणाल्या.

लेसर तडतडला. केस जळल्याचा किंचित वास आला आणि ठिपक्याच्या जागी पांढरा फेसासारखा डाग उठला. मग बाकीचे तीन. सगळ्याला मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. पट्ट्या चिकटवून झाल्यावर टेलरबाई उठून बसल्या आणि झग्याच्या नाड्या शोधू लागल्या.

"पोरगा बत्तिसाचा आहे आता," त्या म्हणाल्या. "बत्तिसाव्या वर्षी घेतात का गं बोटीवर?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही. विचारील तरी. नाहीतर घरी बसून पंप दुरुस्त करील, पण आपणहून करील." त्यांनी नाड्यांचा नाद सोडला. "आज सांगते त्याला. आणि बाहेर आमच्या ह्यांना तू काही बोलू नकोस. मी सांगेन. त्यांना तीन की चार हेही ठाऊक नसेल. जन्मभर लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले, घरातलं काही दिसेल तर शपथ."

त्या कपडे बदलायला पडद्यामागे गेल्या आणि लेसरताई बाहेर आली.

टेलरबाईंचे यजमान खुर्चीच्या कडेवर बसले होते, बायकोची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. तिला बघून ते उठले. तिने त्यांना सूचनांचा कागद दिला: पट्टी दोन दिवस भिजवायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही, खपली काढायची नाही.

"सहा आठवड्यांनी एकदा दाखवून जा, काका. थोडी शाई राहिली तर पुन्हा मारू."

"चारही निघाले?" त्यांनी विचारलं.

लेसरताईने मान वर केली. "चारही."

"तो डावीकडचा, खालचा?"

"तोही."

"बरं झालं. मीच टुमणं लावलं होतं, काढून टाक म्हणून. मला रोज दिसायचा तो." त्यांनी पडद्याच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चुकून गोंदलेला होता, ताई. तिला माहीत नाही."

लेसरताईनेही आवाज खाली आणला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी गेलो होतो विचारायला, उपचार चालू होता तेव्हाच. सगळ्यांना तीन आणि हिला चार, असं कसं? तिथल्या साहेबांनी कागद काढून दाखवला. ठिपक्याला गोल केलेला, खाली सही. तक्रार लिहून देता का म्हणाले. मी म्हटलं, नको. चूक माणसाच्याच हातून होते."

सही कोणाची होती हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. समोरच्या बाईच्या खिशावरची नावाची पट्टीही त्यांनी वाचली नाही.

"मग काकूंना का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो." त्यांनी सूचनांच्या कागदाची घडी घातली, मग घडीची घडी, आणि नखाने कड दाबत राहिले. "त्याच संध्याकाळी घरी पोचलो तर ती मुलाला म्हणत होती, एवढं एक वर्ष थांब. आणि तो हो म्हणाला."

लेसरताईने त्या घडीकडे पाहिलं.

"एकुलता एक आहे, ताई. नऊ-नऊ महिने पाण्यावर."

दाराशी आणखी एक पेशंट आला आणि चपला काढू लागला. गप्प राहणारी ती एकटी नव्हती, तेव्हा लेसरताईच्या डोक्यावरचं ओझं निदान निम्मं व्हायला हवं होतं. ते झालं नाही. उलट आत पडद्यामागे असलेल्या बाईला हे कळलं तर काय होईल, याची आता तिला भीती वाटू लागली.

"आता काय सांगायचं," ते म्हणाले. "आता तर ठिपकाही नाही."

पडदा सरकला. टेलरबाई बाहेर आल्या त्या ताठ, केस नीट केलेल्या, एका हाताने बाही सारखी करत. नवऱ्याच्या हातातला कागद घेऊन त्यांनी पिशवीत टाकला.

"घरी नको," त्या म्हणाल्या. "आधी दुकानावर जाऊ."

"आत्ता? कशाला?"

"पोराशी बोलायचंय. तुमच्याशीही. एकदाच दोघांना सांगते, मला दोनदा जमणार नाही."

यजमानांनी लेसरताईकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही, आणि बायकोला चौथ्याचं कळलंय हे त्यांना समजलं. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. पुसून झाल्यावरही त्यांनी तो हातातच ठेवला.

बाहेरच्या पायऱ्या उतरताना टेलरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"काय झालं?" टेलरबाईंनी विचारलं. "पाय दुखतोय?"

"नाही."

"मग चला ना. वाईट नाही काही. ऐकून तुम्हाला बरंच वाटेल."